सुरजागडच्या लोखंडात वाटा कुणाचा?

गडचिरोलीतल्या खाणींविषयी काही बोलायचं तर हल्ली आधी आपला पक्ष जाहीर करावा लागतो. खाण चालू द्या म्हणालात, तर तुम्ही कंपनीचे. थांबवा म्हणालात, तर तुम्ही नक्षल्यांचे. मंत्रालयापासून एटापल्लीच्या चहाटपरीपर्यंत हीच वाटणी आहे. गंमत म्हणजे दोन्ही बाजू बोलतात ते इथल्या माडिया आदिवासी माणसाच्या भल्याचंच. ते भलं कुणी ठरवायचं, एवढा एक प्रश्न सोडला तर बाकी सगळ्यावर दोघांचीही मतं पक्की आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खाणीतून आदिवासींचं भलं होऊ शकतं. बहुतेक ठिकाणी ते झालेलं नाही, आणि आपण सध्या ज्या वाटेने निघालो आहोत त्या वाटेने होईलसं दिसतही नाही. पण जगात काही ठिकाणी ते झालं आहे. जिथे झालं, तिथे त्या लोकांचा खनिजात हक्काचा हिस्सा होता आणि खाण कशी चालावी यावर त्यांचा शब्द चालत होता. जिथे ते नुसते ‘लाभार्थी’ होते, तिथे डोंगर गेला आणि लोक होते तिथेच राहिले.

सुरजागडची हकिगत थोडक्यात सांगायला हवी. एटापल्ली तालुक्यातला हा लोहखनिजाचा डोंगर ठाकूरदेवाचा. दर जानेवारीत आसपासच्या इलाक्यातली गावं तिथे जत्रेला जमतात. १८५८ मध्ये इंग्रजांनी चांद्याला फासावर चढवलेल्या बाबुराव शेडमाकेंचं नाव तिथे आजही आदराने घेतलं जातं. २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स या कंपनीला इथे सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. प्रत्यक्ष उत्खनन सुरू व्हायला २०१६ उजाडलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षल्यांनी सत्तरहून अधिक वाहनं जाळल्यावर काम बंद पडलं. २०२१ मध्ये मोठ्या पोलीस बंदोबस्तात ते पुन्हा सुरू झालं ते आजतागायत थांबलेलं नाही. वर्षाला ३० लाख टनांची मंजुरी २०२३ मध्ये १ कोटी टनांवर गेली आणि २०२५ मध्ये २ कोटी ६० लाखांवर. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला. खाणीजवळच्या हेडरीहून कोनसरीपर्यंत ८७ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन आली. हेडरीत कंपनीचं रुग्णालय आलं, शाळा आली. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कामगारांना कंपनीच्या शेअरची प्रमाणपत्रं वाटली गेली.

यातलं काहीच मी उडवून लावत नाही. भामरागडच्या पट्ट्यात अडलेल्या बाळंतिणीला खाटेची कावड करून नदीनाले ओलांडत नेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. तिथे चालू दवाखाना उभा राहतो तेव्हा तो कुणाच्या पैशातून आला, हा प्रश्न त्या बाईने पहिल्यांदा विचारावा अशी अपेक्षा करणं निर्दयपणाचं आहे. पण तिने विचारला नाही म्हणून आपणही विचारायचा नाही, असं थोडंच आहे?

खाणसमर्थकांचा सगळ्यात लाडका युक्तिवाद असा: खाण आली की रस्ता येतो, रस्ता आला की बाजार येतो, बाजारामागून शाळा, दवाखाना, मोबाइलचा टॉवर. एकदा चाक फिरलं की विकास आपोआप होतो. हे खरं असतं तर त्याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. इंद्रावतीपलीकडे दंतेवाडा जिल्हा आहे आणि त्यात बैलाडिलाची डोंगररांग. देशातल्या उत्तम प्रतीच्या लोहखनिजापैकी बरंचसं तिथे आहे. १९६८ पासून तिथे खाण चालू आहे, तीही सरकारी कंपनीची, म्हणजे खासगी नफेखोरीकडे बोट दाखवायचीही सोय नाही. तिथलं लोखंड जपानला पाठवण्यासाठी किरंदूलपासून विशाखापट्टणमपर्यंत घाट फोडून रेल्वे टाकली गेली. माल गेला, परकीय चलन आलं, शंखिनी नदीचं पाणी लाल झालं. आणि पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, नीती आयोगाने देशातल्या मागास जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ अशी गोड नावाची यादी काढली, तेव्हा दंतेवाडा त्या यादीत होता. झारखंडचा पश्चिम सिंहभूमही होता. तिथे नोआमुंडीच्या परिसरात लोखंडाची खाण जवळजवळ शंभर वर्षं चालू आहे.

त्याच यादीत गडचिरोलीही होती. म्हणजे शंभर वर्षं खाण असलेला जिल्हा, पन्नास वर्षं खाण असलेला जिल्हा आणि खाण नुकतीच येऊ घातलेला जिल्हा, तिघे एकाच रांगेत. ही यादी समर्थकांना जेवढी अडचणीची आहे तेवढीच विरोधकांनाही आहे. खाणीने विकास होतो हे तिच्यातून सिद्ध होत नाही. खाण नसली की आदिवासी सुखात राहतो, हेही होत नाही.

दुसरा युक्तिवाद नोकऱ्यांचा. ‘हजारो स्थानिकांना रोजगार’ हे शब्द नाहीत असा खाणीचा एकही फलक मी पाहिलेला नाही. रोजगार मिळतो, मिळालाही आहे. शरण आलेल्या नक्षल्यांनाही काम मिळालं, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न आहे तो या रोजगाराला काय म्हणायचं हा. उघड्या खाणीत अवजड यंत्रं डोंगर कापतात, शेकडो टन माल उचलायला मोजकी माणसं पुरतात. यंत्रावर बसायला शिक्षण आणि परवाना लागतो. ज्या गावात दहावीपर्यंत पोचणारी मुलंच कमी, तिथल्या पोराच्या वाट्याला बहुतेकदा सुरक्षारक्षकाचा गणवेश, हेल्परचं काम, फार तर ट्रकचं स्टिअरिंग येतं. पाइपलाइन पुरती चालू झाली की तेही स्टिअरिंग कमी होणार.

पण समजा, सगळ्यांना उत्तम नोकऱ्या मिळाल्या. तरीही पगार म्हणजे घामाचे दाम, डोंगराची किंमत नव्हे. पुण्यात कुणाच्या जमिनीवर बिल्डरने इमारत बांधली आणि ‘तुमच्या मुलाला वॉचमन ठेवलंय की’ असं सांगून हिशेब मिटवला, तर त्या घरात काय होईल याची कल्पना करा. तिथे टक्केवारी ठरते, करारनामा होतो, वकील बसतात. एटापल्लीत मात्र वॉचमनची नोकरी हाच मोबदला, वर त्याबद्दल आभारही मानायचे! शेअरवाटपाचंही तसंच. कल्पना उत्तम आहे, पण शेअर मिळाले ते कामगाराला, कामगार म्हणून. डोंगराच्या पायथ्याच्या ज्या घरातला कुणीही खाणीवर कामाला नाही, त्याच्या भातशेतात पावसाळ्यात लाल गाळ उतरतो, त्याच्या अंगणातून ट्रकची धूळ उडते, त्याचा देव त्या डोंगरावर आहे. त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. शिवाय कामगाराचा शेअर तो उद्या विकू शकतो. गावाचा हिस्सा विकता येता कामा नये. हा फरक कंपनीला कळत नाही असं नाही. तो सोयीचा नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. इथे माझे काही मित्र दुखावतील, पण इलाज नाही.

खाणविरोधाच्या चळवळींबद्दल मला आदर आहे. तोडगट्ट्याला २०२३ मध्ये इलाक्यातल्या गावांनी महिनोन्महिने ठिय्या दिला आणि नोव्हेंबरात पोलिसांनी तो मोडला, तेव्हा त्या लोकांना सरसकट नक्षलसमर्थक ठरवणं हा निव्वळ आळशीपणा होता. पण आंदोलन करणाऱ्या गावकऱ्याचं म्हणणं वेगळं आणि त्याच्या नावाने शहरात लिहिलं जाणारं साहित्य वेगळं. या साहित्यात आदिवासी नेहमी झाडाखाली नाचत असतो. त्याला पैसा नको असतो, वीज नको असते, मुलीला नर्सिंगला पाठवायचं नसतं. तो निसर्गाचं लेकरू असतो आणि आपण दमलोभागलो की त्याच्याकडे पाहून शांत होतो. हे चित्र रंगवणाऱ्यांपैकी कुणी आपल्या मुलाला गोटुलात वाढवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. माडिया बाई आठवडी बाजारात मोहफुलांचा भाव पाच रुपयांनी वाढवून घेण्यासाठी अर्धा तास भांडते. तिला पैसा कळत नाही हे ठरवणारे आपण कोण?

‘खाणीने आदिवासींचं भलं कधी झालेलंच नाही’ हे विधानही तपासून पाहिलं पाहिजे. अलास्कात रेड डॉग नावाची जस्ताची मोठी खाण आहे. ती जमीन इनुपियाट लोकांची. १९७१ मध्ये अमेरिकेने कायदा करून अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या प्रादेशिक संस्था काढल्या आणि जमिनीबरोबर जमिनीखालच्या खनिजाचीही मालकी त्यांच्या नावे केली. तिथल्या संस्थेचं नाव नाना. खाणीला सुरुवातीला लोकांचा विरोध होता. चर्चा वर्षानुवर्षं चालली. अखेर १९८२ मध्ये करार झाला आणि १९८९ मध्ये खाण सुरू झाली. कराराची अट अशी, की गुंतवणूक वसूल होईपर्यंत कंपनीने थोडी रॉयल्टी द्यायची. त्यानंतर निव्वळ उत्पन्नाचे २५ टक्के नानाला, आणि दर पाच वर्षांनी त्यात पाच टक्क्यांची वाढ, निम्म्यापर्यंत. २००७ मध्ये तो २५ टक्क्यांचा टप्पा आला आणि तिथून वाढ सुरू झाली. नानाच्या वाट्यातला मोठा भाग कायद्यानेच अलास्कातल्या इतर मूळ रहिवाशांच्या संस्थांना वाटला जातो. म्हणजे ज्यांच्या जमिनीत जस्त नाही, त्यांच्याही पदरात काहीतरी पडतं.

पैशापेक्षा मला त्या करारातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. खाणीजवळच्या नोआटाक आणि किवालिना या गावांतल्या जाणत्यांची एक समिती आहे. कॅरिबूचे कळप स्थलांतराला निघाले की माल वाहणारे ट्रक थांबवले जातात. किवालिनाच्या शिकाऱ्यांचा समुद्रातल्या शिकारीचा हंगाम उरकल्याशिवाय माल न्यायला जहाज लागत नाही. एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांच्या रांगेत अडकलेल्या एसटीत जे कुणी कधी बसले असतील, त्यांना यात विशेष काय ते सांगायला नको. तिकडे हरणांसाठी ट्रक थांबतात. इकडे शाळेच्या पोरांनाच थांबावं लागतं.

रेड डॉग म्हणजे स्वर्ग नव्हे. सांडपाण्यावरून किवालिनाच्या लोकांनी कंपनीला कोर्टात खेचलं, वाहतुकीच्या धुळीतल्या शिशाबद्दल तक्रारी झाल्या. पण कोर्टात खेचणारे तेच लोक त्या खाणीचे भागधारकही होते. मालकाने आपल्याच भागीदाराशी भांडणं आणि बेदखल माणसाने दारात बसून रडणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या बाफोकेंग लोकांचं. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या राजाने तरुणांना किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर कामाला धाडलं, मजुरीतला हिस्सा गोळा केला आणि काळ्या माणसाला जमीन घेता येत नव्हती म्हणून मिशनऱ्यांच्या नावावर स्वतःचीच जमीन विकत घेतली. पुढे त्याच जमिनीखाली प्लॅटिनम निघालं. कंपनीशी कोर्टात वर्षानुवर्षं झगडून १९९९ मध्ये त्यांनी करपात्र उत्पन्नाच्या २२ टक्के रॉयल्टी मिळवली. पुढे त्या रॉयल्टीचं शेअरमध्ये रूपांतर करून ते खाणकंपनीचे मोठे भागधारक झाले. राजघराण्याच्या कारभारावर तिथेही टीका होते आणि ती बरीचशी रास्त आहे. तरी वस्तुस्थिती अशी, की कागदावर मालकी होती म्हणून ते वाटाघाटीला बसू शकले.

आपल्याकडे मात्र मालकी म्हटलं की लगेच उत्तर येतं: जमिनीखालचं सगळं सरकारचं. हे उत्तर वाटतं तेवढं पक्कं नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या थ्रेसिअम्मा जेकब खटल्यात म्हटलं, की जमिनीखालचं खनिज आपोआप सरकारचं होतं असं सांगणारा कायदा देशात नाही. साधारणपणे जमीन ज्याची, खनिज त्याचं. त्याआधी १९९७ मध्ये समता खटल्यात याच न्यायालयाने आंध्रच्या अनुसूचित क्षेत्रांतल्या आदिवासींच्या आणि सरकारी जमिनी खासगी कंपन्यांना देण्याला चाप लावला होता आणि नफ्यातला किमान २० टक्के भाग स्थानिकांच्या विकासासाठी बाजूला काढण्याचा विचार मांडला होता. २०११ च्या खाण विधेयकात तर कोळशाच्या खाणींच्या नफ्यातला २६ टक्के हिस्सा बाधितांना देण्याची तरतूद लिहूनही झाली होती. उद्योगजगताने हाकाटी केली, विधेयक पडून राहिलं आणि लोकसभेबरोबर विरून गेलं. म्हणजे ही मागणी कुणा माथेफिरूची नाही. ती संसदेच्या टेबलापर्यंत जाऊन परत आलेली आहे.

तिच्या जागी २०१५ मध्ये जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. त्याचं गणित नीट समजून घेऊ, कारण या वादात आकडे कुणीच बोलत नाही. लोहखनिजावर रॉयल्टी सरासरी विक्रीभावाच्या १५ टक्के. २०१५ च्या आधीच्या पट्ट्यांवर त्या रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम खनिज निधीत जाते. सोप्या हिशेबासाठी टनाला सरासरी ३,००० रुपये भाव धरू आणि वर्षाला १ कोटी टन माल. माल झाला ३,००० कोटींचा. रॉयल्टी ४५० कोटी, ती राज्याची. खनिज निधी १३५ कोटी, तो जिल्ह्याचा. म्हणजे शंभर रुपयांच्या खनिजामागे साडेचार रुपये. हे साडेचार रुपयेही गावाच्या हातात येत नाहीत. जिल्हा पातळीवरच्या समितीत अधिकारी आणि लोकप्रतिनिधी बसून कामं ठरवतात. अनुसूचित क्षेत्रात त्या कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते, असं नियम म्हणतात. देशभरात हा निधी बाधित गावांऐवजी भलतीकडेच जिरतो अशी ओरड इतकी झाली, की २०२४ मध्ये केंद्राला नियम बदलून किमान ७० टक्के पैसा थेट बाधित क्षेत्रातच खर्चा, असं बजावावं लागलं.

यात एक खोच आहे. २०१५ नंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर खनिज निधीचा दर रॉयल्टीच्या ३० टक्के नाही, १० टक्के आहे. सुरजागडच्या आसपासचे जे नवे पट्टे लिलावात निघाले, त्यांतून निघणाऱ्या शंभर रुपयांच्या खनिजामागे गावाच्या नावाने दीड रुपया जमा होईल. जुन्या खाणीच्या एक तृतीयांश! कारण सांगतात ते असं, की लिलावात कंपनी सरकारला आधीच भरपूर बोली देते. देतेच. ओडिशात २०२० मध्ये लोहखनिजाच्या काही पट्ट्यांना विक्रीभावाच्या शंभर टक्क्यांहूनही जास्त बोली लागली. पण ती सगळी जाते राज्याच्या तिजोरीत. डोंगर एटापल्लीचा, बोली मुंबईची, आणि गावाला सूट मिळाली ती वजाबाकीत. ‘गावाला चार-पाच टक्के दिले तर उद्योगाला परवडणार नाही’ असं सांगणाऱ्यांनी हे लिलावाचे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात कुजका आक्षेप. तो भाषणात कुणी बोलत नाही, विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बोलतात: ‘यांच्या हातात पैसा दिला तर दारूत उडवतील.’ या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती लोकांच्या, त्यातही गावोगावच्या बायकांच्या, चळवळीतून आलेली आहे. बंदी पूर्ण यशस्वी झाली असं मी म्हणणार नाही. पण बंदी मागणाऱ्या जिल्ह्याला उधळेपणाचा दाखला देण्याआधी थोडी लाज वाटायला हवी.

त्याहून मोठा पुरावा दर उन्हाळ्यात रानात दिसतो. तेंदूच्या हंगामात एखाद्या फळीवर, म्हणजे पानांच्या संकलन केंद्रावर, जाऊन उभं राहा. सत्तर पानांचा एक पुडा. पहाटे रानात गेलेल्या बायका दुपारपर्यंत पानं आणतात, अंगणात सगळं घर पुडे बांधत बसतं, संध्याकाळी डोक्यावरून ते फळीवर येतात. ओळीने मांडले जातात. ग्रामसभेने नेमलेला मुन्शी ओळी मोजतो, कार्डावर आकडा घालतो, वहीत उतरवतो. हजार पुड्यांची गोणी. त्याआधी गावाने ठेकेदारांकडून भाव मागवलेले असतात, ग्रामसभेत ते उघडलेले असतात, करारनामा झालेला असतो. मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी. रॉयल्टीतलं घरोघर किती वाटायचं आणि ग्रामकोषात किती ठेवायचं यावर भांडणं होतात, मग ठराव होतो. ठेकेदार पैसे बुडवतात. मग पुढच्या वर्षी गाव आगाऊ रक्कम मागायला शिकतं. एखाद्या गावात हिशेबात घोळही होतो. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राने त्यावर फार नाक मुरडू नये.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. वनखात्याने बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी अडवलं, तेव्हा गाव हटून बसलं. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना तिथे येऊन परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती द्यावं लागलं. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूचा कारभार स्वतः केला. रॉयल्टी हा शब्द या गावांना मंत्रालयाने शिकवलेला नाही. पानाची रॉयल्टी ग्रामसभेच्या खात्यात येते. त्याच झाडाच्या मुळाखालच्या लोखंडाची मात्र येत नाही. पान सांभाळायची अक्कल आहे आणि लोखंडाची नाही, हे कुठल्या तर्कशास्त्रात बसतं, ते कुणीतरी समजावून सांगावं.

म्हणून खाण चालवायचीच असेल तर माझी मागणी साधी आहे. बाधित ग्रामसभांचा एक महासंघ करावा आणि कंपनीत त्याचा न विकता येणारा हिस्सा असावा. संचालक मंडळावर त्याची माणसं बसावीत, टनामागे ठरलेली रक्कम थेट ग्रामकोषात पडावी. कायदा आड येतो म्हणाल, तर तोही येत नाही. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खनिजांवर कर बसवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. झारखंडने लगेच उपकराचा कायदाही केला. महाराष्ट्राने असा उपकर अनुसूचित क्षेत्रात बसवावा आणि तो थेट गावाला द्यावा. वाट नवी नाही: आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून पेसा कायद्याखालच्या गावांकडे जातोच आहे. पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना दिलेले अधिकार वापरूनच ती वाट काढली होती.

त्यातला एक भाग मात्र आज खर्चायचाच नाही. हा पट्टा कायद्याच्या पन्नास वर्षांच्या हिशेबाने २०५७ पर्यंतचा आहे, आणि वर्षाला अडीच कोटी टनांहून जास्त काढायला लागल्यावर चांगला माल तोवर टिकेल का, हाच प्रश्न आहे. आज हेडरीच्या शाळेत पहिलीत असलेली पोर त्या वर्षी चाळिशीच्या आतबाहेर असेल. गोव्याच्या खाणींबाबत २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीच्या रकमेतले १० टक्के कायमच्या निधीत टाकण्याचा आदेश दिला, तो याच विचाराने. त्याच गोव्यात केपे तालुक्यातल्या कावरे गावच्या वेळीप समाजाने तर एक पाऊल पुढे टाकून, खाण चालवायची असेल तर आमच्या सहकारी संस्थेला द्या, अशी मागणी केली होती. तिची वाट बिकट झाली ती झालीच. पण खाण नको आणि खाण हवी यांच्या पलीकडचं तिसरं वाक्य एका आदिवासी गावाने उच्चारलं, याची नोंद आपल्या वर्तमानपत्रांनी फारशी घेतली नाही.

या सगळ्याची पूर्वअट म्हणजे विचारणं. सुरजागडच्या उत्पादनवाढीची जनसुनावणी २०२२ मध्ये झाली ती डोंगराच्या पायथ्याशी नाही, शंभरावर किलोमीटर दूर, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ घ्यावी, असं पर्यावरणाची अधिसूचना सांगते. सुरक्षेचं कारण दिलं गेलं. जिथे रोज शेकडो ट्रक सुरक्षित चालतात, तिथे एक मांडव सुरक्षित राहू शकत नाही? सुनावणी हेडरीत घ्या, माडियात घ्या, अहवाल माडियात वाचून दाखवा, दोन दिवस लागले तर लागू द्या.

आणि ग्रामसभा नाही म्हणाली तर? हा प्रश्न विचारताना अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. भागीदाराला नाही म्हणता येत नसेल तर तो भागीदार कसला? ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय गावांवर सोपवला. त्याच पावसाळ्यात बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. देश बुडाला नाही. त्या डोंगराच्या भरवशावर लांजीगढला बांधलेला कारखानासुद्धा बंद पडला नाही. तो आजही दुसरीकडून बॉक्साइट आणून चालतो.